आधी पाणी ओळखावं, मग होडी निवडावी

अकोल्याहून राजूर ओलांडून गाडी शेंडीकडे निघाली की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. एकीकडे कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. समोर भंडारदऱ्याचा जलाशय. रतनगडाच्या डोंगरात उगम पावलेली प्रवरा इथे विल्सन धरणानं अडवली आहे. धरण १९२६ साली पूर्ण झालं. पुढे हेच पाणी अकोल्यावरून संगमनेरकडे येतं. आम्ही संगमनेरचे, म्हणजे आमच्या मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या खेळलं ते इथलंच पाणी. पण त्या पाण्यात उतरण्याची हिंमत आमच्या घरात बरीच वर्षं कुणी केली नव्हती.

त्याला कारण होतं. वीस वर्षांपूर्वी आमचा एक चुलतभाऊ नदीच्या डोहात बुडाला. तेव्हापासून मुलांना पाण्याजवळ जाऊ द्यायचं नाही, हा घरचा कायदा झाला. त्यामुळे घरात एकालाही पोहता येत नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आणून दिलं थोरल्या लेकीनं. आपल्या साठवलेल्या पैशांतून ती गुपचूप तरणतलावावर महिलांच्या वेळेत पोहायला शिकली. मग एक दिवस मोबाईलवर लाटांवरून घसरत जाणारी आखूड, चपटी होडी दाखवून म्हणाली, ‘‘अब्बा, याला सर्फ कयाक म्हणतात. उन्हाळ्यात मामूंकडे कोकणात गेल्यावर मला हेच चालवायचंय.’’

अम्मींनी पदर डोळ्यांना लावला. मामूंचा जन्म समुद्रकाठी गेलेला. फोनवर ते भाचीला एवढंच म्हणाले, ‘‘बेटा, आधी थांबलेल्या पाण्यात शीक. लाट काही शिकवत नाही, ती थेट परीक्षा घेते.’’ म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सगळे भंडारदऱ्याला आलो.

काठावर एका ओळखीच्या तरुणाच्या चार-पाच प्लास्टिकच्या कयाक होत्या. लेकीचा हात लगेच सर्वांत आखूड, लाल होडीवर गेला. तो हसला. ‘‘ताई, ही पाण्यात गोल गोल फिरेल. लांब घ्या.’’

तिथे आम्हाला पहिला धडा मिळाला. होडी रंगावरून नाही, पाण्यावरून निवडायची. लाटांवरच्या सर्फ कयाकचा तळ सपाट असतो, कडा धारदार असतात, आणि नाक वर उचललेलं असतं. त्यामुळे ती लाटेवर सर्रकन घसरते आणि कड दाबली की चटकन वळते. पण शांत पाण्यात हाच गुण दोष ठरतो. दर वल्ह्याला तोंड इकडे तिकडे वळतं आणि माणूस दमून जातो. सरळ जायचं तर होडी लांब आणि निमुळती हवी. लाटांसाठीच्या बऱ्याच होड्यांत पाय आत घालून, कमरेभोवती पाणीबंद कापड ताणून बसावं लागतं. उलटल्यावर आतूनच सुलट होता आलं पाहिजे. ते येईपर्यंत नवशिक्यानं वर बसायची, भोकांतून आपोआप पाणी निचरणारी कयाक घ्यावी. उलटली तर माणूस बाहेर पडतो, अडकत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. प्रत्येक होडीला किती भार चालतो हे ठरलेलं असतं. त्यात माणूस, ओले कपडे, पाण्याची बाटली, सगळं धरायचं. भार वाढला की होडी खोल बसते आणि डळमळते. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावं. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर माप चुकलं.

कपड्यांचा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. सैल कुर्ता भिजला की जड होतो आणि ओढणीचं सुटं टोक कुठेही अडकू शकतं. लेकीनं अंगभर, अंगालगत बसणारा पोहण्याचा पोशाख आणि डोक्याला घट्ट टोपी घेतली होती. अम्मींना तो पटला. अंग झाकलेलं आणि काहीही लोंबतं नाही.

मग लेक पाण्यात उतरली. ‘‘आधी पडून दाखवा,’’ तो तरुण म्हणाला. अम्मी उठून उभ्याच राहिल्या. कमरेइतक्या पाण्यापलीकडे जाऊन लेकीनं मुद्दाम होडी उलटवली. दोन श्वासांचा वेळ आम्हाला फार मोठा वाटला. मग तिचं डोकं वर आलं. तिनं उलट्या तळावरून हात टाकून पलीकडची कड धरली, अंगाचं वजन मागे टाकलं आणि होडी सुलटी केली. पाय मारत पोटावर आडवी चढली, कूस बदलून बसली, शेवटी पाय आत घेतले. पहिल्यांदा दोनदा घसरली. पाचव्या वेळी सहज चढली. अम्मी खाली बसल्या. ‘‘त्याला हे कुणी शिकवलं असतं तर,’’ एवढंच पुटपुटल्या. चुलतभावाचं नाव वीस वर्षांत त्यांच्या ओठावर आलं नव्हतं.

वल्हं मारायला तिला थोड्याच वेळात जमलं. जोर दंडाचा नाही, कमरेपासून अंग वळवण्याचा. वल्हं पायांपाशी पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी काढायचं. वळायचं तर लांब अर्धगोल मारायचा. दुपारी वारा सुटला आणि होडीचं तोंड आपोआप वाऱ्याकडे फिरू लागलं. परतायला तिला दुप्पट वेळ लागला. जाताना वारा पाठीशी असतो तेव्हाच परतीचा हिशेब करायचा, हे तिला तिथे कळलं.

संध्याकाळी मामूंचा फोन आला. त्यांनी भाचीला लाटांचे चार नियम सांगितले. लाटेला सामोरं जाताना नाक सरळ ठेवायचं. लाट बाजूनं आदळली तर किनाऱ्याकडे नाही, लाटेकडे झुकायचं आणि वल्हं त्याच बाजूला टेकवायचं. घाबरलेला माणूस नेमका उलट झुकतो आणि उलटतो. होडीतून पडलात तर होडी आणि किनारा यांच्यामध्ये कधी उभं राहायचं नाही, कारण पाण्यानं भरलेली होडी लाटेसोबत अंगावर येते. आणि लोक पोहत असतील तिथे लाट पकडायचीच नाही. डोक्याला हेल्मेट हवं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

सर्फ कयाक घ्यायची का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. लेक स्वतःच म्हणते, या उन्हाळ्यात मामूंच्या खाडीत वर बसायचीच होडी, लाट पुढच्या वर्षी. पण घरचा कायदा बदलला. धाकटा आता दर रविवारी पोहायला जातो. परवा अम्मींनी त्याला विचारलं, ‘‘पाण्यात बायकांची वेळ कधी असते रे?’’