पुसून टाकलेला सिंह

मनुष्याला संग्रहाची हौस उपजतच असते. लहानपणीं तो शंख-शिंपले जमवितो, शाळेंत असतां पोस्टाचीं तिकिटें. मोठेपणीं कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी जुने ग्रंथ. मला जुन्या लष्करी पिस्तुलांचा नाद लागला, आणि त्याचा आरंभ एका अपराधांत झाला. तो अपराध विद्यार्थिमित्रांपुढें कबूल करावा, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

मी बारा वर्षांचा होतों. आमच्या माळ्यावर एक चकमकीचें पिस्तूल पडलेलें असे. नळी फुटलेली, घोडा गंजून जागच्या जागीं बसलेला. दिवाळीच्या सुट्टींत तें नव्यासारखें करून वडिलांस चकित करावें, असें मीं ठरविलें. चिंच, राख व विटकरीची पूड घेऊन तीन दिवस घाशीत बसलों; शेवटीं कानसहि चालविली. चौथ्या दिवशीं लोखंड रुप्यासारखें लखलखूं लागलें. वडिलांनीं तें हातीं घेऊन उलटसुलट पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "अरे, येथें एक सिंह होता, तो कोठें गेला?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला दहा वर्षांनीं कळला. एका वृद्ध संग्राहकांकडे मी तें पिस्तूल घेऊन गेलों असतां त्यांनीं मला समजावून सांगितलें कीं, चापाच्या पट्टीवरील खूण म्हणजे पिस्तुलाचा जन्मदाखलाच होय. इंग्लंडच्या सरकारी शस्त्रांवर मुकुट, राजाचीं आद्याक्षरें व लंडनच्या 'टॉवर' या शस्त्रागाराचें नांव कोरीत. ईस्ट इंडिया कंपनी आपलीं शस्त्रें इंग्लंडांतच, पण निराळीं करवून घेई. त्यांवर प्रथम हृदयाच्या आकाराचा व्यापारी शिक्का असे. १८०८ च्या सुमारास त्याच्या जागीं मागील पायांवर उभा असलेला सिंह आला. माझ्या पट्टीवर भिंगांतून पाहतां शेपटीची एक पुसट रेघ तेवढी दिसली. "साक्षीदार बोलत होता, तुम्हींच त्याचें तोंड बंद केलेंत," असें ते म्हणाले. रागावून म्हणाले असते, तर मला इतकें लागलें नसतें.

त्या दिवसापासून मी 'अस्सल' या शब्दाचा अर्थ शिकूं लागलों. चकमकीच्या पिस्तुलांत घोड्याच्या जबड्यांतील गार पोलादावर आदळते, ठिणगी वाटींतील रंजकावर पडते, आणि तो जाळ कानांतून नळींत शिरून बार उडतो. या जाळानें पक्षी आधींच सावध होत, ही अडचण बेल्हेल्वी या स्कॉटिश गांवचे शिकारप्रिय पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ यांस जाणवली. त्यांनीं आघातानें पेट घेणाऱ्या पुडीचा चाप शोधून काढला व १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्यांना टॉवरमध्यें प्रयोग करूं देणारे लॉर्ड मॉयरा हेच पुढें हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल झाले व हेस्टिंग्ज या नांवानें ओळखले जाऊं लागले, आणि १८१७-१८ च्या युद्धांत त्यांच्याच कारकीर्दींत पेशवाई बुडाली. खडकीच्या लढाईंत मात्र इंग्रजी फौजेच्या हातीं अद्याप चकमकीच्याच बंदुका होत्या.

फॉर्साइथांच्या कल्पनेंतून पुढें तांब्याची टोपी निघाली, आणि असंख्य जुन्या पिस्तुलांची वाटी काढून तेथें टोपीची खुंटी बसविण्यांत आली. कालांतरानें चकमकीच्या पिस्तुलांस अधिक किंमत येऊं लागतांच कांहीं व्यापाऱ्यांनीं तीच खुंटी काढून पुन्हां वाटी बसविली. पहिला फेरफार शिपायाच्या गरजेनें झाला. तो त्या वस्तूच्या चरित्राचा भाग आहे. दुसरा गिऱ्हाइकास फसविण्यासाठीं झाला. म्हणून जाणता संग्राहक लखलखाट पाहत नाहीं; कानाजवळ दारूनें खाल्लेले खड्डे आहेत काय, चाप व नळी सारखींच झिजलीं आहेत काय, मळसूत्रांचीं डोकीं नवीं तर नाहींत ना, हें पाहतो.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. जुन्या नळींत शंभर वर्षांपूर्वींचा बार तसाच राहिलेला असूं शकतो. घरीं असें कांहीं आढळल्यास हात न लावतां वडील मंडळींस सांगावें. परवान्याचा कायदा काय आहे, तें त्यांनीं पाहावें.

"जीव घेणारी वस्तु जिवापाड कां जपतोस?" असें माझी आई मला विचारी. मला वाटतें, ज्या हातांनीं तीं धरलीं आणि ज्यांच्यावर तीं रोखलीं गेलीं, त्या सर्वांची आठवण या वस्तूंत आहे. ती गोड नाहीं, म्हणून पुसून टाकण्याचा अधिकार आपणांस येत नाहीं.

तें पिस्तूल अजून माझ्यापाशीं आहे. बाजारांत त्याला कोणी विचारणार नाहीं. आतां त्यावर पुन्हां गंजाची पातळ साय धरूं लागली आहे. मी कोरड्या मऊ फडक्यानें धूळ तेवढी झटकतों, आणि सिंह होता त्या जागेवर बोट न लावतां तें परत ठेवून देतों.