सिंधुदुर्गाचा तट आणि पाण्याखालची बाग

सहल म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असे आपल्या कष्टकरी कुटुंबांत धरूनच चालतात. सुट्टी लागली की मुले एक तर गावी जातात, नाही तर गल्लीतच उन्हात हिंडतात. म्हणून आमच्या वस्तीतल्या सहा कुटुंबांनी दहा महिने दरमहा तीनशे रुपये बाजूला टाकले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरहून एका दिवसाची मालवणची सहल काढली. मध्यरात्री गाडी निघाली. डब्यात भाकरी, ठेचा आणि कांदा होता.

सकाळी धक्क्यावरून होडीत बसलो आणि थोड्याच वेळात कुरटे बेटावर उतरलो. किल्ल्याचा दरवाजा असा बेताने बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बेट सुमारे ४८ एकरांचे. काम १६६४ साली सुरू झाले आणि १६६७ साली पुरे झाले. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हाही आहे.

आमच्यातले एक काका गवंडीकाम करतात. पायाच्या दगडांत शिसे ओतले आहे हे ऐकून ते बराच वेळ तटाचे सांधे चाचपत राहिले. "हा किल्ला कोणी बांधला?" त्यांनी मुलांना विचारले. "शिवाजी महाराजांनी!" मुले एका सुरात म्हणाली. "बरोबर. हुकूम महाराजांचा, देखरेख हिरोजी इंदुलकरांची. पण दगड कुणी फोडला, कुणी वाहिला, हेही विचारत जा. त्यांची नावं कुठं लिहिलेली नसतात."

नंतर स्नॉर्केलिंग. पैसे सगळ्यांना पुरणारे नव्हते. आधी बायका उतरतील, मग मोठी मुले, असे आम्ही ठरवले; नाही तर अशा वेळी बायका चपला सांभाळत काठावर बसतात. त्यांच्यापैकी एकीलाही पोहता येत नव्हते. अंगात जॅकेट, डोळ्यांवर व नाकावर मुखवटा, तोंडात नळी, हाताला धरायला रबरी कडे. श्वास तोंडाने घ्यायचा, एवढे जमले की झाले. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मावशी आधी थरथरत होत्या. वर आल्या तेव्हा म्हणाल्या, "जन्मभर पाणी भरलं, पण पाण्यात काय असतं ते आज बघितलं."

खाली प्रवाळ होते आणि त्यांच्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे फिरत होते. प्रवाळ म्हणजे नुसता दगड नव्हे. इवले जीव चुन्याची घरे रचतात, त्यांतून हे खडक वाढतात. "म्हणजे हेही गवंडीच की!" काका हसले. ही वाढ फार सावकाश होते आणि एका पायाने क्षणात मोडते. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. म्हणून प्रवाळावर उभे राहू नये आणि माशांना पाव टाकू नये.

बंधू-भगिनींनो, पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा मे सरायच्या आत जावे. जॅकेटशिवाय कोणी पाण्यात उतरू नये. आणि पैशांचे म्हणाल, तर जूनपासून डबा ठेवावा. आमचा पुढच्या वर्षाचा डबा मावशींकडे दिला आहे.