भाऊ, एसी चालू ठेव

प्रिय भाऊ,

फोनवर काहीही विचारलं की तू एका शब्दात गुंडाळतोस. नवी गाडी कशी आहे? 'मस्त हाय.' पाठ? 'बरी हाय.' जेवलास का? 'हो.' आणि मी जरा पुढे सरकले की तुझा टोल येतो. म्हणून हे पत्र. यात टोल येणार नाही, शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

परवा तू शेलूबाजारला समृद्धी महामार्गावरून खाली उतरलास, वहिनी आणि मी डबा घेऊन आलो, तेव्हा पहिल्यांदा मी तुझ्या त्या ट्रेलरच्या घोड्यात, म्हणजे पुढच्या केबिनमध्ये, चढले. तूच म्हणालास, 'बसून त पाह्य.' केवढ्या अभिमानाने दाखवत होतास! हवेवरची सीट, वर-खाली होणारं स्टिअरिंग, मागे अंग टाकायला बर्थ, मोबाइल चार्ज करायला जागा. क्लच किती हलका आहे तेही मला पाय ठेवून बघायला लावलंस. पाच वर्षांच्या मुलासारखा आनंद होता तुझ्या तोंडावर, आणि मला तो फार आवडला. पण भाऊ, दोन्ही काचा खाली होत्या. तुझ्या गळ्यात ओला टॉवेल होता, तोच, जुन्या गाडीत असायचा तसा. एसी नाही का, विचारलं. 'हाय ना.' मग? तू हसलास आणि म्हणालास, 'अ‍ॅव्हरेज पडते.'

मी त्या दोन शब्दांवरच अडकले आहे. घरी येऊन वहिनीकडून सगळं समजून घेतलं, कारण तू सांगणार नव्हतास. फेरीचं डिझेल मालक हिशेबाने देतो, लिटरला इतके किलोमीटर. त्याच्यापेक्षा जास्त जळलं तर ते तुझ्या पैशातून जातं, वाचलं तर तुझं. म्हणजे एसीचं बटण तुझ्या हाताशी आहे, पण ते दाबलं की बिल तुझ्या नावावर. अशा गाडीला आरामाची गाडी म्हणायचं का रे?

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढली, तेव्हा मी बातमीचं कात्रण मायला वाचून दाखवलं होतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालट्रकच्या केबिनला एसी हवाच. अधिसूचनेच्याच वर्षी त्या खात्याचे मंत्री नितीन गडकरी जाहीरपणे म्हणाले होते की आपले ड्रायव्हर 43 ते 47 अंशांत गाडी चालवतात. आपल्या विदर्भाच्या माणसाला ते कुणी वेगळं सांगायला नको. मायने विचारलं, 'म्हणजे आता भाऊले ऊन लागनार नाही?' मी हो म्हणाले. नियम चांगलाच आहे, आणि तो यायला फार उशीर झाला. पण तो नव्या गाड्यांना आहे. जुन्या गाड्या त्याच उन्हात धावताहेत, आणि नव्यात बसलेला तू काचा खाली करून चालला आहेस.

तू म्हणशील, पहिल्यापेक्षा किती बरं! खरंच आहे. तुझी पहिली गाडी मला आठवते. तेव्हा कंपनी चॅसिस विकायची आणि केबिन गावातल्या बॉडीवाल्याकडून लाकूड-पत्र्याची बांधून घ्यावी लागायची. तू एकदा कारखान्यातून नुसती चॅसिस घेऊन आला होतास. अंगावर छप्पर नाही, समोर काच नाही, डोळ्यांना गॉगल आणि कानाला उपरणं. पुढे केबिन बांधली तरी इंजिनचं बोनेट आत, तुझ्या डाव्या पायाशी. त्या पायाची पोटरी कायम भाजल्यासारखी लाल असायची. सीटवर मायची गोधडी चौघडी करून टाकलेली, समोर शेगावच्या महाराजांचा फोटो. त्या गाडीतून तू सोयाबीनची पोती वाहिलीस, कारंज्याहून कापसाच्या गाठी नेल्यास, आणि माझं डी.एड. झालं. हे मी कधी बोलले नाही. बोलायला गेले तर तुला टोल आला असता.

म्हणूनच तू पाठीचं लपवलंस याचा मला राग आहे. मणक्याची झीज काही नव्या सीटने भरून येत नाही. वहिनीला तू सांगितलंस की बर्थवर झोप मस्त लागते. खरं सांग, कुठे लागते? न्हावाशेवा बंदराच्या रांगेत कंटेनर घेऊन उभा असतोस तेव्हा? इंजिन बंद तर एसी बंद. इंजिन चालू ठेवलं तर डिझेल, म्हणजे पुन्हा तोच हिशेब. उभ्या गाडीत चालणारा वेगळा एसी मिळतो, पण तो घेण्याचा खर्च मालकाला नको. समुद्राकाठची ती घामट रात्र, बंदिस्त केबिन, डास येतात म्हणून काचही लावलेली. जुन्या लाकडी केबिनच्या फटींतून निदान वारा तरी यायचा. कारखान्यात ज्याने ही केबिन आखली त्याने तिथे एक रात्र काढून बघितली असती, तर कदाचित उभ्या गाडीचाही विचार झाला असता.

आपल्या गावात कुणी ट्रॅक्टर घ्यायला वाशिमला गेला की काय काय करतो, तू पाहिलं आहेस. स्वतः चढून बसतो, पोराला बसवतो, गिअर टाकून बघतो, सीट टोचते म्हणून दुसरी कंपनी बघतो. ज्याला हाकायचा तोच घेतो. तुझ्या गाडीचं उलट आहे. घेणारा मालक, बसणारा तू. मालक हप्ता बघतो, किती टन वाहील ते बघतो, लिटरला किती धावेल ते बघतो. त्याचंही चुकतं असं नाही, त्यालाही भाड्याने पिळलेलं आहे. पण गाडी घेताना तुला एकदा तरी कुणी विचारलं का, की भाऊ, तुला कुठे दुखतं?

आणि तुला विचारलं असतं तरी तू 'मस्त हाय' म्हणाला असतास. हे तुझं मला खटकतं.

मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा, तुझ्यामाझ्याहून जुना; नोव्हेंबर 2025 मध्ये नवी श्रम संहिता येईपर्यंत तोच लागू होता. त्यात होतं: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. तुझ्या बुटीबोरी ते न्हावाशेवा फेरीत यातलं काय कधी पाळलं गेलं? नागपूर ते आमणे 701 किलोमीटरचा समृद्धी जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हा मला वाटलं होतं की तुझे तास वाचतील आणि ते घराला मिळतील. ते तुझ्या पुढच्या फेरीला मिळाले. युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. त्याहून मला पटलेली गोष्ट दुसरी. आठवड्याची मोठी, 45 तासांची विश्रांती ड्रायव्हरने केबिनमध्ये घ्यायचीच नाही, असा तिकडे कायदा आहे. 2020 मध्ये तो अगदी स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. केबिन कितीही गुबगुबीत असो, ती कामाची जागा आहे, घर नाही. तू बर्थ दाखवत होतास तेव्हा मला हेच बोलायचं होतं, पण वहिनी तुला वाढत होती, आणि तू किती दिवसांनी तिच्या हातचं खात होतास.

परवा तुझ्या केबिनमध्ये क्लीनरची जागाही मी शोधली. जुन्या गाडीत बोनेटवर पाय सोडून बसलेला पोऱ्या असायचा. तू त्याला शिव्याही द्यायचास आणि आपल्या ताटातलं वाढायचास. रात्री तो गाणी म्हणून तुला जागा ठेवायचा. आता तू एकटाच. जुना रस्ता कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर अशी गावं घेत जायचा, गतिरोधक, गुरं, चहाची टपरी, कुणीतरी हात करायचं. समृद्धीवर सरळ सिमेंट आणि मऊ सीट. तूच एकदा म्हणालास, 'गाडी चांगली हाय, पन बोलाले कोनी नाही.' ते मी विसरलेले नाही. 1 जुलै 2023 ला याच समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसच्या अपघातात मध्यरात्रीनंतर 25 माणसं गेली, तेव्हा मायने उजाडायच्या आत तुला किती फोन लावले! तुझी गाडी त्या रात्री दुसऱ्याच रस्त्याला होती हे तिला माहीत होतं, तरी लावत राहिली.

भाऊ, नवी गाडी चांगली आहे, यावर माझं तुझं भांडण नाही. तुला हवेवरची सीट मिळाली याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पण एसीचं डिझेल अ‍ॅव्हरेजच्या हिशेबातून वेगळं काढा, हे मालकाला तू सांगायला हवं. एकट्याला जड जात असेल तर शेलूबाजार-मालेगावकडचे तुम्ही सगळे मिळून सांगा. तुमच्याशिवाय त्यांच्या गाड्या बंदराला पोचत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. तुम्हालाच ते लक्षात नसतं.

आणि वाशिमला हाडांच्या डॉक्टरांकडे पुढच्या सोमवारी सकाळी अकराची वेळ मी घेतली आहे. जुने एक्स-रे वहिनीने काढून ठेवलेत. रविवारी रात्रीची फेरी धरू नकोस. मालकाला मीच फोन करते, तू करू नकोस, तू त्याला 'येतो' म्हणून बसशील.

तुझी,
ताई