भोकात काय भरायचं?

सिंगापूरच्या सरकारी वसाहतीतून कधी फिरला असाल, तर इमारतींचा मोकळा तळमजला तुम्ही पाहिला असेल. त्याला इथे ‘व्हॉइड डेक’ म्हणतात, म्हणजे चक्क पोकळी! आमच्या हौगांगच्या ब्लॉकखाली एका आठवड्यात मलाय लग्नाचा मांडव पडतो, तर दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या अंत्यविधीचा. त्याच इमारतीत वर, वॉशिंग मशीनशेजारच्या छोट्या लेथवर मी लाकडी पेनं करतो आणि माझा बराच वेळ जातो तो लाकडातल्या पोकळ्या भरण्यात.

पेनासाठी लाकडाच्या तुकड्याला मधोमध आरपार भोक पाडायचं, त्यात 7 मिलिमीटरची पितळी नळी चिकटवायची आणि लेथवर फिरवत लाकूड उतरवायचं. शेवटी नळीभोवती लाकूड उरतं जेमतेम एक-दोन मिलिमीटर. मग आत दडलेली गाठ, चीर, किडीचं भोक, सगळं उघडं पडतं. दुकानदार सांगेल, दुसरा तुकडा घ्या. पण तुकडा दुसरा नसेल तर?

आमचं कोकणातलं घर गेल्या वर्षी उतरवलं. दाराच्या फणसाच्या गणेशपट्टीचा हातभर तुकडा माझ्या वाट्याला आला. सगळ्या भावंडांना त्याची पेनं हवी होती. त्यात तोरणाच्या खिळ्याचं भोक होतं, कडेने लाकूड काळं पडलेलं. पुण्याच्या चुलतभावाचं म्हणणं, “असं बुजव की कळता कामा नये.” लाकडाचाच भुसा भरून ते जवळजवळ जमतं. त्या घरात चाळीस वर्षं दसऱ्याला तोरण बांधणारी काकू मात्र फोनवर म्हणाली, “अरे, भोकच बुजवलंस तर मी ओळखू कशावरून?”

आता दिसायला हवं, तर काय भरायचं? पहिल्यांदा घरातलेच डबे आठवतात. हळद सुरेख दिसते, पण उजेडात तिचा रंग उडतो. पांढरी रांगोळी गोंद प्यायली की भिजल्या दगडासारखी करडी होते. वापरलेली कॉफी वाळवून भरली तर गडद, गाठीसारखी दिसते आणि हत्याराला त्रास देत नाही. फिरोजाची पूड देखणी, पण फणसाच्या पिवळ्या लाकडात निळा ठिपका मला तरी उपरा वाटतो. काकूच्या पेनासाठी मी पितळ घेतलं. बाजारात किल्ल्या कापणाऱ्या अंकलच्या मशीनखाली पितळेचा कीस साचतो. मूठभर मागितला तर ते हसून पुडी बांधून देतात.

पितळ भरण्यात दोन मेख आहेत. भोक आतल्या नळीपर्यंत गेलेलं असेल तर कणांच्या फटींतून नळी चमकते, म्हणून नळी चिकटवण्याआधी तिला काळा रंग द्यावा. दुसरं म्हणजे, घासताना पितळेची धूळ लाकडाच्या रंध्रांत जाऊन काळपट डाग पडतात. त्यासाठी आजूबाजूचं लाकूड आधी पातळ सायनो गोंदाने बंद करायचं. मग टूथपिकने कीस दाबायचा, वर गोंदाचा एक थेंब. तो आपोआप आत शोषला जातो. पुन्हा कीस, पुन्हा थेंब, भराव पृष्ठभागाच्या किंचित वर येईपर्यंत. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने आवळतो, त्यामुळे सिंगापुरात तो भराभर धरतो. पण त्याच दमट हवेत कडेला पांढरी बुरशीसारखी झाक येते. पंखा लांबून सोडायचा, खिडकी उघडी ठेवायची (वाफ डोळ्यांना झोंबते) आणि घाई करायची नाही.

आपल्याकडे सोनार बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख भरतात. ती कुणाला दिसत नाही, दिसूही नये. तिचं काम मणी चेपू न देणं. चुलतभावाला तसा भराव हवा होता आणि त्याला तो मिळाला. काकूच्या पेनावर क्लिपच्या खाली काळ्या कड्यात पितळेचा ठिपका आहे, मुगाच्या दाण्याएवढा. तिने ते हातात घेतलं, अंगठ्याने ठिपका चाचपला आणि म्हणाली, “खिळा जरा डावीकडे होता.” मी पेन उलटं धरून दाखवलं, तेव्हा पटलं तिला.

अजून दोन तुकडे शिल्लक आहेत. एकाला किडीने चाळणी केली आहे. माझी लेक म्हणते, त्यात कॉफी भर.