लिंबूटिंबू

आमच्या लहानपणी लपंडाव किंवा डबा ऐसपैस सुरू झाला, की कोणाचा तरी धाकटा भाऊ चड्डी सावरीत मागून येई. त्याला हाकलावे, तर तो घरी जाऊन भोकाड पसरणार. घ्यावे, तर खेळाचा विचका होणार. या पेचातून मराठी मुलांनी फार पूर्वीच वाट काढून ठेवली आहे. "बरं, तू लिंबूटिंबू!" एवढे म्हटले की प्रश्न मिटे. लिंबूटिंबूने धावावे, ओरडावे, धुळीत लोळावे. त्याच्यावर राज्य म्हणून कधी यायचे नाही.

हा शब्द अलीकडे मला पुन्हा आठवला तो व्हिडिओ गेमच्या एका वादामुळे. गेम थोर ठरतो तो कशाने? एक पक्ष म्हणतो, तो सर्वांना खेळता आला पाहिजे. दुसरा म्हणतो, ज्याला त्यात मजा येते त्याच्यापुरता तो थोर. बाकीच्यांशी काय कर्तव्य? २०१९ साली 'सेकिरो' नावाचा जपानी गेम निघाला, तेव्हा हा वाद चांगलाच पेटला. त्यात सोपे किंवा अवघड असे निवडण्याची सोयच नाही. नेमक्या क्षणी तलवारीला तलवार भिडली नाही, की मरण जवळ आलेच. वीसदा मरावे आणि एकविसाव्या वेळी जिंकावे. तो आनंद हाच या खेळाचा प्राण, असे त्याचे भक्त सांगतात. आणि ते काही खोटे नाही. घाम गाळून चढलेला गड आणि मोटारीतून गाठलेला गड यांत फरक असतोच.

पण घाम गाळायला आधी पाय हवेत! माझ्या उजव्या हाताची दोन बोटे चार वर्षांपूर्वीच्या दुखण्यात गेली. म्हणजे जागच्या जागी आहेत, पण माझे ऐकत नाहीत. माझा पुतण्या मला मोटारींची शर्यत खेळायला शेजारी बसवतो. एकदा मी लागोपाठ तीन डाव जिंकलो. चौथ्या डावात माझ्या ध्यानात आले, की पोरगा वळणावर आपली गाडी मुद्दाम हळू करतो आहे. प्रेमानेच करीत होता बिचारा. पण मी मनात म्हटले, झाले! साठीला आपण लिंबूटिंबू झालो. त्या चड्डी सावरणाऱ्या धाकट्या भावाचे दुःख मला तेव्हा कळले. त्याला खेळात घेतलेले असते; फक्त बाद होता येत नाही. आणि ज्याला बाद होता येत नाही, तो खेळतच नसतो. मी पुतण्याला तसे बजावले. आता तो मला सपाटून हरवतो, आणि मला बरे वाटते.

म्हणूनच २०१८ सालच्या 'सेलेस्ट' या गेमचे मला कौतुक आहे. एक मुलगी डोंगर चढते, एवढीच त्याची गोष्ट. चढ भलताच अवघड. पण ज्याला झेपत नसेल त्याने खेळाची गती कमी करून घ्यावी, हवे तर मरणही टाळावे, अशी सोय आतच आहे. ती किती घ्यायची हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. मी गती कमी केली, तरी शंभरदा पडलो. पण ते पडणे माझे होते! २०२० साली 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अशा ६०हून अधिक सोयी आल्या; नुसत्या आवाजाच्या खुणांवर अंध माणसांनीही तो गेम पार केला.

खरे तर हा वाद मिटवील असा गेम १९८४ सालीच मॉस्कोत जन्मला होता. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी ज्या यंत्रावर 'टेट्रिस' रचला, त्याला चित्रे काढता येत नव्हती. कंसाला कंस जोडून त्यांनी चौकोन केले. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात. ते रचावेत, ओळ भरली की ती नाहीशी होते. भाषा नको, अक्षरओळख नको. शिकायला मिनिटभर पुरे. पण पुढे गती वाढत जाते आणि ढीग माथ्याला भिडतो. २०२३च्या डिसेंबरात एका १३ वर्षांच्या अमेरिकन मुलाने निंटेंडोच्या जुन्या यंत्रावर तो इतका पुढे नेला, की शेवटी खेळच गोठला. माझा ढीग पाचव्या मिनिटाला माथ्याला लागतो. पण दोघांवरही कोसळतात ते आकार तेच. तिथे लिंबूटिंबू कोणी नाही.

दार रुंद आहे म्हणून घर चांगले ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण दारच बंद असेल, तर आतल्या मजेची साक्ष मी कोणत्या तोंडाने द्यावी? मजा ज्याची त्याला हे खरेच. म्हणून तर ती ज्याची त्याला घेता आली पाहिजे. थोर खेळाकडे माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे : त्याने मला आत घ्यावे, आणि एकदा आत घेतल्यावर माझी गय करू नये.