शेगडी दुसऱ्या दिवशी पेटली

२९ जून २०२३. बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी. वराळ्यात आमच्या शेजारच्या काकू माळकरी. अब्बा म्हणाले, "कुर्बानीला तीन दिवस असतात, उद्या करू." राज्यात कित्येक गावांनी हेच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वारा पाहून अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली शेगडी मांडली. ज्वाळा दिसताच मी सळया उचलल्या. अब्बांनी हात धरला, "निखाऱ्यांवर राख चढू दे. नाहीतर मटण वरून करपतं, आत कच्चं राहतं."

कच्ची पपई मात्र मी त्यांना न विचारता सढळ हातानं चोळून सकाळपासून ठेवली होती. दीड-दोन तास पुरे होते. मऊ पडलेले तुकडे सळईवरून निखाऱ्यांत गळू लागले. कुंपणापलीकडून काकूंचा नातू, तो काही माळकरी नाही, विचारत होता, "झालं का?"