सटवाईपुढचा कोरा कागद

पंडिता रमाबाईंचं 'स्त्री धर्मनीति' मी साठी उलटल्यावर वाचलं. शिक्षण दहावीपर्यंतचं, भाषा संस्कृताच्या वळणाची. एकेक पान दोनदा वाचावं लागलं. पुस्तक १८८२ सालचं. बाईनं शिकावं कसं, घर राखावं कसं, लेकरं वाढवावी कशी, सारं त्यात आहे. उपदेशच म्हणा. पण लिहिणारी चोवीस वर्षांची, त्याच साली नवरा वारलेला, काखेत वर्षाची मनोरमा. मला उपदेशापेक्षा हेच जास्त लागलं. पुढच्या साली ती लेकीला घेऊन विलायतेला गेली, तो खर्चही बराचसा या पुस्तकातूनच निघाला.

त्याच १८८२ मध्ये आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' निघालं. सगळे दोष बाईच्याच माथी का, असं तिनं रोखठोक विचारलं. तो काळच बाईला शहाणं करू पाहणाऱ्या पुस्तकांचा होता. पुस्तकं पोचली ती वाचणाऱ्या घरांत.

आमच्याकडे त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षांनीही पोचली नव्हती. मायचं पुस्तक म्हणजे सुईण, आजी आन् जातं. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधायची, लेकरू निजवायचं आन् निंदायला लागायचं. पाचवीला मात्र सटवाईपुढं कोरा कागद आन् लेखणी हटकून ठेवत. घरात अक्षर कोणाला येत नव्हतं, तरी ठेवत.

माझ्या आधीची दोन लेकरं दहा दिवसांच्या आत गेली. दूध ओढेनात, दातखीळ बसली, अंग कमानीसारखं ताठलं. सटवाईनं नेलं, म्हणाले लोक. तो धनुर्वात होता. नाळ कापली ती गवत कापायच्या इळ्यानं, वर राख दाबली. आता गरोदरपणातच सुई देतात, दवाखान्यात नाळ स्वच्छ कापतात. आमच्या गावात अशी लेकरं जायची थांबली.

आनंदीबाई जोशींचं लेकरूही दहाच दिवसांचं होऊन गेलं, आन् तेही शिकत्या घरात. तिनं मग थेट अमेरिका गाठली, १८८६ ला डॉक्टर झाली. निबंध लिहिला तोही बाळंतपणाच्या शास्त्रावर.

मायला हे सारं मी एकदा समजावून सांगितलं. इळ्याचं सांगितलं, राखेचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणे, "नाही बाबू, मीच त्या दिवशी वल्ल्या अंगानं पाजलं व्हतं."